साथीच्या काळात वस्तीतल्या घरांना मनाचा आधार कसा द्यायचा

मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडी भागात मी वस्तीपातळीवर आरोग्याचं काम करते. २०२०-२१ची कोविडची साथ मी याच गल्ल्यांत पाहिली आणि २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवर आला तेव्हाही इथेच होते. पुढची साथ कशाची असेल ते कुणालाच ठाऊक नाही. पण ती आली की दारात आधी उभ्या राहणार त्या आशाताई, सामुदायिक आरोग्य सेविका, बचत गटातल्या बाया, मंडळाची पोरं आणि शाळेतल्या बाई. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. मनाच्या डॉक्टरपर्यंत वस्तीतला माणूस पोचायला बराच काळ जातो. तोवरचं काम आपल्यालाच करायचं असतं, आणि नीट शिकून घेतलं तर ते जमतं.

जमतं हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून एक उपचार करून पाहिला. नैराश्यात गेलेल्या माणसांशी बोलायला तिथे डॉक्टर बसवले नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक होते. सहा ते आठ भेटी व्हायच्या. पूर्वी जे करून बरं वाटायचं ते माणसाला पुन्हा थोडं थोडं करायला लावायचं, हा त्या भेटींचा गाभा. नेहमीच्या उपचारापेक्षा या लोकांना जास्त उतार पडला आणि २०१७ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गोव्यातल्या त्या समुपदेशकांना जमलं, तर रोज त्याच गल्लीत वावरणाऱ्या बाईला का जमू नये?

आधी वही, मग विचारपूस

हातावर पोट असलेल्या घरात पोटाचं काम आणि मनाचं काम वेगळं करता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि आमच्याकडचे जरीकामाचे कारखाने एका दिवसात थंड पडले. कारागीर कारखान्यातच राहणारे, तिथेच अड्ड्याखाली, म्हणजे जरीकामाच्या लाकडी चौकटीखाली, झोपणारे. त्यातला एक मला रोज सांगायचा, "बाजी, रात को आँख ही नहीं लगती." त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं असतं तर त्याने मान डोलावून ऐकून घेतलं असतं. पण झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणाने. रेशन कार्ड बिहारमध्ये गावी, शेठ फोन उचलेना, आणि घरी दर महिन्याला पैसे पाठवायची सवय. पाच रुपयांची शिवभोजन थाळी कुठे मिळते आणि शिजवलेलं अन्न कोणत्या नाक्यावर किती वाजता वाटतात, हे त्याला आधी सांगितलं. दोन वेळची सोय लागल्यावर तो आपणहून आईबद्दल बोलायला लागला. मग श्वासाचंही शिकवलं, आणि तेव्हा ते त्याच्या उपयोगी पडलं.

म्हणून कुणाच्या दारात जाण्याआधी वही भरा. रेशनचं दुकान कधी उघडतं, कोणत्या कार्डाला काय मिळतं, पाण्याची वेळ, जवळचा पालिकेचा दवाखाना, औषधं कुठे फुकट मिळतात, रुग्णवाहिकेचा नंबर, गल्लीत शब्दाला वजन असलेली माणसं कोण. ही माहिती साथीगणिक बदलते, म्हणून दर आठवड्याला तपासा. २०२०च्या एप्रिलपासून प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागलं, केशरी कार्डाला मात्र मे-जूनमध्ये गहू आठ रुपये किलो आणि तांदूळ बारा रुपये किलो असा दर होता. हा फरक ज्या बाईला कुणी सांगितला नव्हता, ती दुकानदार लुटतोय असं समजून भांडायची आणि रिकाम्या पिशवीनिशी रडत घरी यायची. तिला एका वाक्यात खरं काय ते सांगितलं की निम्मा जीव खाली पडायचा.

शब्द देताना जपून द्या. "बघते, काहीतरी करू" असं म्हणू नका. "गुरुवारी सकाळी मी रेशन कार्यालयात विचारते आणि संध्याकाळी तुम्हाला फोन करते" असं म्हणा आणि गुरुवारी संध्याकाळी फोन करा. काम झालेलं नसलं तरी करा. साथीत सगळंच अधांतरी असतं, त्यात ठरल्या वेळी वाजणारा एक फोन लोक धरून ठेवतात. मी पाहिलंय, "काम झालं नाही, परत सोमवारी जाते" एवढं ऐकूनही माणूस शांत होतो. आपल्याला कुणी विसरलेलं नाही, हे त्याला त्यातून कळतं.

पहिली भेट

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिचा सारांश थोडक्यात असा: पाहा, ऐका, जोडून द्या, म्हणजे योग्य मदतीपर्यंत पोचवा. मी नवीन मुलींना हेच आधी शिकवते, कारण आपल्यातल्या बहुतेकींना पहिल्या दोन पायऱ्या गाळून सरळ सल्ल्यावर यायची सवय असते.

पाहायचं म्हणजे उंबऱ्यावर उभं राहून दोन मिनिटं डोळे उघडे ठेवायचे. चूल पेटली आहे का. दुपारी दोन वाजता कोण तोंडावर चादर घेऊन पडलंय. एरवी बडबड करणारी पोरगी गप्प का आहे. फळीवर औषधाच्या पट्ट्या आहेत, पण संपलेल्या आहेत का.

मग विचारायचं, पण 'मानसिक' हा शब्द तोंडातून काढू नका. तो ऐकला की माणसं लगेच "आम्ही काय वेडे आहोत का" म्हणून दार लावून घेतात. लोकांचे आपले शब्द असतात तेच वापरा. आमच्याकडे बाया म्हणतात जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, डोक्यात किडे वळवळतात, हातपाय गळून जातात. पुरुष म्हणतात टेन्शन आहे, डोकं फिरलंय. मी साधारण असं विचारते: काल रात्री झोप लागली का? कधी जाग येते? जेवण जातं का? घरात सगळ्यात जास्त काळजी कुणाची वाटते? आणि शेवटी, "तुमचं तुम्हाला कसं वाटतंय?" हा शेवटचा प्रश्न बाईला क्वचितच कुणी विचारलेला असतो, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ जाऊ द्या. मधली शांतता भरून काढायला बोलू नका.

रडू आलं तर रडू द्या. पाणी द्या, जवळ बसा. साथीमुळे जवळ बसता येत नसेल तर मास्क लावून दारात बसा, पण उभ्याने बोलू नका. उभा माणूस निघायच्या घाईत दिसतो.

काही वाक्यं मी आमच्या गटात बंदच करून टाकली आहेत. "खंबीर व्हा." "सगळ्यांचंच असं चाललंय." "पोरांकडे बघून हसत राहा." "देवाची मर्जी" हे त्यांनी म्हटलं तर मान द्यावा, आपण म्हणू नये. त्याऐवजी जे ऐकलं तेच परत म्हणा: "तीन महिन्यांचं भाडं थकलंय आणि घरमालक रोज दारात येतो, मग झोप कुठून लागणार?" एवढं पुरतं. आपलं दुःख समोरच्याला नीट ऐकू गेलंय, हे त्यातून कळतं.

एका खोलीत खासगी बोलणं

शिवाजीनगरचे मूळ प्लॉटच दहा बाय पंधरा फुटांचे. त्यात सहा-सात माणसं, वर पोटमाळा. पुस्तकात लिहिलेलं असतं की एकांतात बोला. तो एकांत आपल्याला तयार करावा लागतो.

आम्ही दोघीदोघी जातो. एक जण सासूबाईंचं ब्लड प्रेशर तपासत बसते, त्यांच्या गुडघ्यांचं ऐकते, गावच्या गोष्टी काढते. दुसरी सुनेला म्हणते, "चल गं, जरा नळावर पाणी आलंय का बघू." त्या चालण्यात जे बोलणं होतं ते घरात कधीच झालं नसतं. पोटमाळ्यावरून कार्ड शोधायच्या निमित्तानेही बोलता येतं. सार्वजनिक संडासच्या रांगेत मात्र बोलू नका, तिथे सगळ्यांचे कान उघडे असतात.

फोनवर बोलायचं असेल तर पहिला प्रश्न नेहमी हाच: "आत्ता बोलता येईल का? नुसतं हो किंवा नाही म्हणा." टाळेबंदीत नवरा दिवसभर घरात, फोन बहुतेक त्याचाच आणि स्पीकरवर. म्हणून प्रश्न असे करा की एका शब्दात उत्तर देता येईल. घरात मारहाण होते का? आज रात्रीची भीती वाटते का? मुलांना हात लावतो का? जायला जागा आहे का? मध्येच कुणी आलं तर ती म्हणेल "तांदूळ नाही मिळाला", की आपणही लगेच रेशनवर यायचं. ही खूण आधीच्या भेटीत ठरवून ठेवा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि जिवावर बेतलं तर ११२, हे तीन नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या. चिठ्ठी घरात सापडू शकते. आणि नवऱ्याला जाब विचारायला आपण एकट्याने जाऊ नये. आपण निघून येतो, त्या रात्री ती त्याच्यासोबत त्याच खोलीत असते.

रुग्णालयाची भीती

कोविडच्या पहिल्या महिन्यांत लोक आजारापेक्षा रुग्णवाहिकेला जास्त घाबरत होते. "नेतात ते परत येत नाहीत", ही अफवा प्रत्येक गल्लीत होती. लोक ताप लपवायचे, गोळी खाऊन काम चालवायचे. अशा वेळी "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हणून काही होत नाही. पुढे काय काय होणार ते क्रमाने सांगितलं की भीती उतरते. गाडी कधी येईल, कोणत्या दवाखान्यात नेतील, तिथे आधी काय तपासतील, घरचं माणूस आत जाऊ शकतं का, डबा चालतो का, सोडताना कसं कळवतात. जे माहीत नाही ते विचारून सांगा, अंदाजाने भरू नका.

पिशवी त्यांच्यासोबत बसून भरा. फोनचा चार्जर आधी. मग चालू असलेली औषधं, आधार कार्डाची झेरॉक्स, चष्मा, दात घासायचं सामान, एक चादर आणि हव्या असतील तर कुराण, पोथी, जपमाळ. कागदावर घरातल्या दोन जणांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद माणसाच्या खिशात घाला. हे मी उगाच सांगत नाही. आमच्या गल्लीतला एक जण दाखल झाला तेव्हा नोंदीत नंबरचा एक आकडा चुकला. त्याची बायको सकाळपासून रात्रीपर्यंत उंबऱ्यावर बसून असायची, मांडीवर फोन उलटा ठेवलेला, वाजला की दचकायची. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या ओळखीने वॉर्डातल्या सिस्टरपर्यंत पोचलो आणि त्यांनी दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. नवरा हात हलवतोय, एवढंच. तिने तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि मग पहिला प्रश्न विचारला, "खाना क्या देते हैं उधर?" त्या दिवशी ती स्वतः जेवली.

त्यानंतर आम्ही नियमच केला. दाखल माणसाच्या घरी रोज संध्याकाळी एक फोन जाणार, नवीन काही कळलेलं नसलं तरीही. वॉर्डाशी बोलायला घरातलं एकच माणूस ठरवायचं आणि त्याने बाकीच्यांना सांगायचं, म्हणजे पाच जणांकडून पाच गोष्टी कानावर येत नाहीत.

गोवराच्या वेळी भीती वेगळी होती. मुलांना चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात नेत होते. आई एका मुलासोबत तिकडे, बाकीची तिघं इकडे शेजारणीकडे. तिचा जीव दोन्हीकडे टांगलेला. अशा वेळी तिकडच्या आईला भेटण्याइतकंच इकडच्या मुलांचा फोटो तिला पाठवणं महत्त्वाचं. पालिकेने तेव्हा नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायला घेतला, साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही. पण ज्या गल्लीत मूल गेलं होतं तिथे आया सुई पाहूनच दार लावायच्या. तिथे वाद घालून उपयोग नव्हता. त्यांना आधीच सांगावं लागायचं: लसीनंतर आठवडा-दीड आठवड्याने अंग तापू शकतं, बारीक पुरळही येऊ शकतं, तेव्हा मला फोन करा, मी येते. आधी सांगितलेला ताप आला तर आई घाबरत नाही. न सांगितलेला आला तर पूर्ण गल्ली लस नाकारते.

आणि ज्या आईचं मूल आजारी पडलं किंवा गेलं, तिला "डोस चुकवलास म्हणून" असं कुणीही, कधीही म्हणू नये. नवरा आणि सासू ते म्हणतच असतात, ती स्वतःला रात्रभर तेच म्हणत असते. कोविडच्या दोन वर्षांत किती घरांचं लसीकरण हुकलं, त्यात टाळेबंदी होती, माणसं गावी गेली होती, दवाखान्यात जायची भीती होती. हे तिला घरच्यांच्या देखत सांगा. दोष एकट्या तिचा नाही, हे सासूच्याही कानावर पडलं पाहिजे.

कर्ता पुरुष आणि दारू

काम बंद पडलं की पुरुष बोलत नाही, चिडतो. त्याला समोर बसवून "मन मोकळं करा" म्हटलं तर तो उठून जातो. त्याला काम द्या. धान्याच्या पिशव्या वाहायच्या आहेत, म्हाताऱ्यांची औषधं आणायची आहेत, फवारणीवाल्यांना गल्ली दाखवायची आहे. सोबत काम करताना खांद्याला खांदा लागतो, तेव्हा बोलणं निघतं. आमच्याकडे हे काम मंडळाच्या पोरांनी आणि मशिदीतल्या बुजुर्गांनी जास्त चांगलं केलं. घराच्या कर्त्याशी बोलायला पुरुष कार्यकर्ता असेल तर त्यालाच पाठवा.

दारूबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. टाळेबंदीत दुकानं बंद झाली तेव्हा बायकांना आधी बरं वाटलं. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर जिवाला धोका असतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, उलट्या होतात. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो, नसलेली माणसं दिसतात. त्याला बाहेरची बाधा समजून बांधून ठेवू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. तो दवाखान्यातला आजार आहे, त्याच रात्री सरकारी रुग्णालयात न्या. सोडायची असेल तर डॉक्टरच्या औषधाखालीच सोडावी.

आधीपासून औषध चालू असलेले

साथीत यांच्याकडे सगळ्यात आधी दुर्लक्ष होतं. मिरगीच्या, नैराश्याच्या किंवा स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू असलेला माणूस प्रत्येक गल्लीत असतो. ओपीडी बंद, लोकल बंद, गोळ्या संपतात आणि तीन आठवड्यांत माणूस पुन्हा आजारी पडतो. घरचे म्हणतात साथीच्या टेन्शनने झालं. म्हणून साथीची चाहूल लागताच अशा घरांची यादी करा, जुने केसपेपर फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना जास्त दिवसांची औषधं लिहून द्यायची विनंती करा. ही यादी कुणालाही दाखवायची नाही, गटाच्या व्हॉट्सअॅपवरही टाकायची नाही.

मुलं

मुंबईतल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. आठवीपासून पुढचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ला उघडले, पहिली ते सातवीची मुलं तर १५ डिसेंबरपर्यंत घरीच. घरात एक फोन, तोही बापाच्या खिशात. मोठी पोर बारा-तेरा वर्षांची झाली की तिचा अभ्यास सुटून स्वयंपाक आणि धाकटी भावंडं गळ्यात यायची.

लहान मूल मनातलं सांगत नाही, ते अंगातून काढतं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, आईचा पदर सुटत नाही, पोट दुखतं, भावंडांना मारतं. त्याला मारू नका, लाजवू नका, हे आईबापांना समजावून सांगा. दिवसाला थोडी घडी घालून द्या: सकाळी अंघोळ, मग थोडं वाचन, दुपारी झोप, संध्याकाळी गल्लीत चार-पाच मुलांचा खेळ. गल्लीतल्या कॉलेजच्या मुलींना हाताशी धरलं तर रोज तासभर गोष्टी-चित्रं सहज होतात. मुलं 'ॲम्ब्युलन्स-ॲम्ब्युलन्स' खेळतात, कुणाला तरी चादरीत गुंडाळून नेतात. मोठ्यांना ते अपशकुनी वाटतं. खेळू द्या. जे पाहिलं ते पचवायची त्यांची तीच रीत आहे.

घरात कुणी वारलं तर मुलाला "गावाला गेले" सांगू नका. ते वाट पाहत राहतं. साध्या शब्दांत सांगा: अब्बूंना आजार झाला होता, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, ते वारले, आता परत येणार नाहीत. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम सांगायचं, कारण मुलांना तसं वाटत असतं.

तोंड न पाहता गेलेलं माणूस

कोविडमध्ये सगळ्यात खोल घाव हा होता. दवाखान्याच्या दारातून आत गेलेलं माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळून सरळ स्मशानात किंवा कब्रस्तानात. गुस्ल म्हणजे मयताची अंघोळ नाही, शेवटचं पाणी नाही, खांदा नाही. घरच्यांना मनातून पटतच नाही की तो गेला. एक अम्मी पुढे बरेच महिने रोज मुलाचं ताट वाढून ठेवायची.

अशा घरी घाईने "आता सावरा" म्हणू नका. जे करता येईल तेवढं करायला मदत करा. कब्रस्तानात उपस्थित असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडून सगळं कसं झालं ते घरच्यांना सविस्तर सांगायला लावा, जागा दाखवा, फोटो असेल तर द्या. दहावा-तेरावा, चाळीसवा साथीत गर्दी न करता घरच्या घरी करता येतो, गावचे नातेवाईक फोनवर सामील होऊ शकतात. मौलाना, भटजी, भंतेजी, फादर यांच्याशी आधी बोलून ठेवा. राहिलेला विधी नंतर केला तरी चालतो, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर घरच्यांवरचं ओझं हलकं होतं. आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारा. कसा होता, काय आवडायचं, लग्न कसं जमलं. आजाराचे शेवटचे दिवसच तेवढे डोळ्यांसमोर उरलेले असतात, त्यामागचं सगळं आयुष्य बोलण्यात परत येतं.

वाळीत टाकलं जाणं हाही या दुःखाचाच भाग असतो. त्या घरासमोरून लोक नाक दाबून जातात, कामवालीला बिल्डिंगमध्ये घेत नाहीत. आपण स्वतः त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेतला की चार दिवसांत शेजारीण येते. हे मुद्दाम करा.

मग कागद. मृत्यूचा दाखला, दवाखान्याचे कागद, नात्याचा पुरावा, बँक पासबुक, सगळ्याची एक फाईल आणि तीन-चार झेरॉक्स संच. कोविड मृत्यूंसाठी ५० हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान २०२१च्या ऑक्टोबरात मार्गी लागलं, दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली होती. एक पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आजही आहे, तिचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो. विधवा बाईसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. पण प्रत्येक खिडकीवर तिला तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते, तेही रांगेतल्या अनोळखी लोकांसमोर. म्हणून एका कागदावर सगळा तपशील आधीच लिहून न्या, सोबत जा आणि तिने हो म्हटलं तर तिच्या वतीने तुम्ही बोला. कधी कधी एवढ्यानेच तिची ती रात्र बरी जाते.

जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं

"आता जगून काय करू" हे वाक्य ऐकलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: जीव नकोसा झालाय का? स्वतःचं काही करून घ्यायचं मनात येतं का? कसं करायचं तेही ठरवलंय का? विचारल्याने डोक्यात तसा विचार शिरतो हा गैरसमज आहे. विचारल्यावर माणसाला उलट सुटल्यासारखं होतं.

उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. घरातलं कोण रात्री जागेल ते ठरवा. उंदीर मारायचं औषध, ॲसिड, गोळ्यांचा साठा घरातून बाहेर काढा. सोबत बसून १४४१६ला फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठी-हिंदीत बोलता येतं. ठरवून बसलेला असेल तर फोनवर न थांबता त्याच वेळी सरकारी रुग्णालयात न्या. पोलीस केस होईल म्हणून घरचे घाबरतात. त्यांना सांगा की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, शिक्षा होत नाही, उलट त्याला उपचार देणं सरकारचं काम आहे. "कुणाला सांगू नका" असं वचन मात्र देऊ नका. "तुमचा जीव वाचवायला ज्याला सांगणं भाग आहे त्यालाच सांगेन" एवढंच म्हणा.

बाकी कुणाला डॉक्टरकडे न्यायचं? दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडालेली असेल, अंघोळ-काम सुटलं असेल, कानात आवाज येत असतील, बाळंतीण बाळाकडे बघत नसेल, तर वाट पाहू नका. पहिल्या वेळी सोबत जा. केसपेपर कुठे काढायचा, मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, हे न कळल्यामुळेच बरीच माणसं गेटवरून परत येतात.

साथ गेल्यावर

बातम्या थांबल्या की मदतीच्या गाड्याही थांबतात, आणि तेव्हाच घरमालक, किराणावाला आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता वसूल करणारा दारात येतो. आमच्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेतल्या बाया मला लाट ओसरल्यावर भेटल्या. त्यामुळे भेटी कमी करा, बंद करू नका. पहिली ईद, पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध, जूनमध्ये शाळा सुरू होणं, या तारखा आधीच लिहून ठेवा आणि त्या आठवड्यात चक्कर मारा.

आणि तुम्ही स्वतः. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची मरणं ऐकून आपल्या घरी गेलेली बाई भाजी चिरताना हुंदके देते, मुलांवर ओरडते, तिला स्वप्नातही फोन वाजतो. हे होणारच, त्यात कमजोरी काही नाही. आठवड्यातून एकदा गटाने बसायचंच. त्या बैठकीत आकडे नाहीत, रजिस्टर नाही. प्रत्येकीने त्या आठवड्यातलं सगळ्यात जड घर सांगायचं आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. ज्या बाईच्या स्वतःच्या घरात मयत झालंय तिला निदान महिनाभर मयताच्या घरी पाठवू नका. रात्री दहानंतरचे फोन दोघींनी आलटून पालटून घ्या. मानधन वेळेवर मिळत नसेल तर ते मागा, गटाने मागा, आणि त्यासाठी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाताना कुणी एकटीने जाऊ नये.